एकशे बाराव्या पानावरची सही

सर, काल तुमच्या शोकसभेत मी तुमची चूक काढली. माईक हातात घेऊन, भरल्या हॉलमध्ये, तुमच्या हार घातलेल्या फोटोच्या बाजूला उभी राहून. तुम्ही समोर असता तर "मोठ्यानं बोल वं, मांगं आयकू नाई येऊन राह्यलं" असं नक्की ओरडला असता. म्हणून मी मोठ्यानंच बोलले. आधी पंखे बंद करायला लावले आणि मग बोलले.

आज तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुमच्याविषयी इतकं गोडगोड ऐकलं आहे, की हा माणूस आपल्याला कधी भेटला होता का अशी शंका यायला लागली. देवमाणूस, म्हणे. अजातशत्रू, म्हणे. ज्यानं सिद्धतेतली एक पायरी गाळली म्हणून सख्ख्या भाच्याला सराव परीक्षेत शून्य दिलं, तो अजातशत्रू? वादात हरायला लागलात की तुम्ही चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला घ्यायचात, आणि तो पुसून होईपर्यंत समोरच्यानं गप्प बसायचं हा तुमच्या घरचा कायदा होता. चहात साखर कमी पडली तर काकूंशी तासभर बोलायचा नाहीत. मला तो माणूस परत हवा आहे. हार घातलेल्या फोटोशी माझी ओळख नाही.

निवेदकानं माझी ओळख 'सरांची लाडकी विद्यार्थिनी' अशी करून दिली. लाडकी कसली! अकरावीत मी फळ्यावरची तुमची वजाबाकी चुकल्याचं सांगितलं, तेव्हा तुम्ही मला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं होतं. तास संपल्यावर बाहेर येऊन म्हणालात, "चुकलं होतं माह्यं. पन तू हात वर न करता बोलली." तेव्हाच मला कळायला हवं होतं की या माणसाशी आपलं जन्मभर पटणारही नाही आणि तुटणारही नाही.

पुढे मी गणितात एमएस्सी केलं आणि आर्वीच्या कॉलेजात शिकवायला लागले. तुम्ही निवृत्त होऊन वर्ध्याच्या घरात बसला होतात. एका रविवारी सहज भेटायला आले, तर तुम्ही फुलस्केप कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकलात. भोकं पाडून सुतळीनं बांधलेला. आपण त्याला वही म्हणायचो. "वाच, अन् कुठं अडते थे सांग." पहिल्या पानावर लिहिलं होतं: वास्तव बीजीय गटांची रचना आणि, आणि पुढं रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेवरून आपण पुढची नऊ वर्षं भांडलो.

त्या जागी जो शब्द हवा होता, त्याला इंग्रजीत रिप्रेझेंटेशन म्हणतात. गट म्हणजे हलवण्या-फिरवण्याच्या नियमांचा एक मेळ. तो नुसता डोळ्यांना दिसत नाही. मॅट्रिक्सचे, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीचे, कपडे घालून समोर आला की दिसतो, आणि एकच गट कितीतरी कपड्यांत येऊ शकतो. तुम्हाला त्यासाठी 'सोंग' हा शब्द हवा होता. दंडारीच्या खेळात एकच गडी घटकेत राजा होऊन येतो आणि घटकेत म्हातारी होऊन, तसं. मी म्हणायची, "सर, विद्यापीठातले लोक हासतीन आपल्याले. प्रतिरूपण म्हना." त्यावर तुम्ही, "प्रतिरूपन म्हनता म्हनता माह्ये उरलेले दात पडतीन." शेवटपर्यंत ठरलं नाही. जिथं जिथं तो शब्द यायचा तिथं तुम्ही दोन बोटं जागा सोडून पुढं लिहीत गेलात. अख्खी वही त्या जागांनी भरली आहे. आणि आत्ताच सांगून ठेवते, मी तिथं 'प्रतिरूपण'च लिहिणार आहे. तुम्ही गेलात म्हणून वाद जिंकलात असं होत नाही.

पण विषयाची गोडी मला वहीतून लागली नाही, जामच्या चौकात लागली. समुद्रपूरच्या एका कॉलेजात तुमचं व्याख्यान होतं. सात मुलं आली होती, त्यातली दोन झोपली. परतताना जामला आपली बस चुकली आणि चहाच्या टपरीपुढच्या बाकावर दोन तास बसायची वेळ आली. हायवेवर ट्रकमागून ट्रक चालले होते. तुम्ही मध्येच हात लांब केलात.

"हे पाह्य. समज, एक गाडी ह्या चौकातल्या चौकात गोल फिरून राह्यली. कितीबी फिरो, हाय इथंच. दुसरी सुटली हैदराबादले, थे काई वापस येत नाई. तुले वाटते ह्या दोन अलग गोष्टी हायेत."

"हायेतच ना, सर."

"कॉम्प्लेक्समधून पाह्यलं तं दोघीचा नियम एकच हाय. काईच फरक नाई. आपन रिअलमध्ये राह्यतो म्हनून फरक दिसते."

"मंग कॉम्प्लेक्समध्येच काऊन नाई राह्याचं? तिथं पुरं सोपं हाय."

"थे पाहुन्याची खोली हाय बाप्पा," तुम्ही म्हणालात. "झाडून-पुसून ठेवलेली. संसार इकडं हाय."

मी इतकी हसले की बशीतला चहा साडीवर सांडला. पण त्या दिवसापासून मला विषय कळला. कॉम्प्लेक्स, म्हणजे संमिश्र संख्यांच्या जगात जे गट एकसारखे, ते रिअल, म्हणजे वास्तव संख्यांवर आणले की निरनिराळे होतात. काही चौकातल्या चौकात फिरणारे, काही दूर पळणारे. ते किती तऱ्हांचे, आतून कसे घडलेले, आणि प्रत्येकाची सोंगं कोणती, एवढंच तुमचं पुस्तक. मराठीत असं पुस्तक माझ्या पाहण्यात नव्हतं. तुमच्याही नव्हतं, म्हणून तर लिहायला बसलात.

वहीचा नियम तुम्हीच घालून दिलात. तुम्ही पान लिहायचं आणि चार घड्या घालून, टाचणी लावून मला द्यायचं. मी ते आर्वीला न्यायचं, आठवडाभर ठेवायचं, त्यातली प्रत्येक ओळ स्वतः करून पाहायची. पटलं तर पुढच्या रविवारी समासात सही आणि तारीख. घेतलं त्याच दिवशी सही करायची नाही, कारण "आज वाचलं तं आज बरोबरच वाटते." बिनसहीचं पान पुस्तकात जाणार नव्हतं. सर, माझ्या आयुष्यात माझ्या सहीला तेवढी किंमत दुसऱ्या कुणी दिली नाही. कॉलेजात मी हजेरीपटावर रोज सही करते, ती कुणी बघतही नाही.

आता ते पान. एकशे बारावं.

तीन वर्षांपूर्वीचा रविवार. धाकट्या बहिणीचा साखरपुडा तोंडावर आला होता, म्हणून वर्ध्याला येतेय पण तुमच्याकडे येणार नाही, साडेचारच्या गाडीनं परत जाईन असं फोनवर सांगितलं होतं आणि नुसती खरेदी करून परत निघाले होते. साडेचारच्या आर्वी गाडीत मांडीवर साड्यांच्या पिशव्या घेऊन बसले आणि पाहते तर खिडकीखाली तुम्ही. सायकल स्टँडला लावून, घामाघूम.

"पान आनलं का?"

पान पर्समध्येच होतं. आठवडाभर तिथंच होतं. मी ते बाहेर काढलंच नव्हतं. तुम्हाला तसं सांगायला जेमतेम चार शब्द लागले असते. पण तुम्ही खिडकीची दांडी धरून म्हणालात, "चौथं प्रकरन संपून राह्यलं वं. एवढं एकच अडलं." कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. मी टाचणी काढून पान उघडलं, पिशवीवर ठेवून सही केली, तारीख घातली आणि खिडकीतून तुमच्या हातात दिलं. गाडी सुटली. तुम्ही पान हलवून मला टाटा केलात. त्या पानावरची एकही ओळ मी वाचली नव्हती.

नंतर वाचेन असं ठरवलं होतं. साखरपुडा झाला, लग्न झालं, पेपर तपासणी आली, आणि तोवर तुम्ही पाचव्या प्रकरणात शिरला होतात. बरोबरच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. तुम्ही लिहिलेलं होतं ना.

मागच्या दिवाळीच्या आधी एका विद्यार्थिनीला साधं उदाहरण करून दाखवताना माझा खडू थांबला. उदाहरण वहीतल्या तुमच्या एका प्रमेयाच्या विरुद्ध जात होतं, आणि ते प्रमेय एकशे बाराव्या पानावर टेकलेलं होतं. घरी जाऊन माझ्याकडच्या वहीच्या झेरॉक्समधून ते पान काढलं, पहिल्यांदा वाचलं आणि पंधरा मिनिटांत सापडलं. वरचा गट सलग आहे, म्हणजे एकाच अखंड तुकड्याचा आहे, खालचा गट त्याच्यापासूनच बनला आहे, म्हणून तोही सलग, असं तुम्ही एका ओळीत लिहून टाकलं होतं. संमिश्र संख्यांवर ते खरं आहे. वास्तव संख्यांवर खालच्या गटाचा अर्धा भाग वरून येतच नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या प्रकरणात तुम्हीच तो इशारा दिला आहे, आणि मग स्वतःच विसरलात. अर्धं आयुष्य ह्या विषयात घालवलेला माणूसच अशी चूक करतो. नवख्याला ती करताच येणार नाही.

दिवाळीच्या सुटीत आले. काकूंनी अनारसे पुढं ठेवले होते. मी वही उघडून बोट ठेवलं. तुम्ही आधी हसलात, मग ओळ पुन्हा वाचलीत, मग म्हणालात, "नाई नाई. वरचं सलग हाय तं खालचं तुकडं कसं होईन?"

मी कागदावर ऋण चिन्हाची मॅट्रिक्स लिहून दाखवली. तुम्ही चष्मा काढलात. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"सर, तुमी पाहुन्याच्या खोलीत राह्याले गेले," मी म्हणाले.

तुमच्याच वाक्यानं तुम्हाला मारलं. लागलं ते दिसलं मला. तुम्ही चष्मा पुसत राहिलात, खूप वेळ, आणि मग समासाकडं बोट दाखवून अगदी हळू विचारलंत, "तुही सही हाय इथं. वाचलंतं ना?"

"वाचलंतं सर. तवा सुटलं नजरेतून."

तुम्ही माझ्याकडं पाहत राहिलात. मग "बरं" म्हणालात, सुतळी बांधलीत आणि वही कपाटात ठेवून दिलीत. पुढचे चार रविवार आपण कापसावर बोललो, निवडणुकीवर बोललो, तुमच्या गुडघ्यावर बोललो. वही निघाली नाही. पाचव्या रविवारपासून मी पेपर तपासणीचं निमित्त काढून येणं बंद केलं. तुम्हीही बोलावलं नाही. आपण दोघंही वाट बघण्यात तरबेज निघालो, आणि त्यात सगळा हिवाळा गेला.

मग एका सकाळी मी वर्गात असताना तुमच्या प्रशांतचा फोन आला. त्या दिवसाबद्दल मी इथं लिहिणार नाही. तो दिवस माझा मला राहू दे.

तेरवीच्या पंगतीत प्रशांत माझ्याशेजारी येऊन बसला. पुण्याहून आल्यापासून बिचारा झोपलेला दिसत नव्हता. म्हणाला, "मॅडम, बाबांचं पुस्तक छापायचं ठरलंय. माजी विद्यार्थी सगळं बघणार आहेत, शोकसभेत जाहीर करू. तुम्ही फक्त अर्धं पान लिहून द्या, की हे सगळं मी तपासलेलं आहे आणि बरोबर आहे. नाहीतरी प्रत्येक पानावर तुमची सही आहेच."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. दोन दिवसांनी मी त्याला फोन केला आणि सांगितलं की एक पान चुकलेलं आहे, आणि पुढची दोन प्रकरणं त्या पानावर उभी आहेत. त्यानं आधी कोणतं पान ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, रागावू नका. पण कोण वाचणार आहे? ह्या विषयावर, मराठीत, वर्ध्यात छापलेलं. बाबांच्या नावानं एक पुस्तक राहील एवढंच. ते गेल्यावर त्यांची चूक कशाला?"

सर, मला प्रशांतचा राग आला नाही असं मी खोटं लिहिणार नाही. आला, आणि भयंकर आला. कारण 'कोण वाचणार आहे' हे तुम्ही आयुष्यभर ऐकलंत. शाळेत ऐकलंत, सोयऱ्यांकडून ऐकलंत. नागपूरहून आलेल्या त्या प्राध्यापकांनी तुमच्या ओट्यावर बसून विचारलं होतं, इथं राहून असलं काम कसं होणार? तुम्ही त्यांना म्हणालात, "काऊन? रिअल नंबर नागपूरले येगळे असते का?" त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगले आहे. आर्वीच्या कॉलेजात, चार मुलं असलेल्या वर्गात, फळ्याकडं वळताना ते वाक्य माझ्या पाठीशी असायचं. आणि आता तुमच्याच घरातून, तुमच्याच पुस्तकासाठी, तेच ऐकायचं? ज्याला हजारो लोक वाचतात त्याची चूक कुणीतरी दुरुस्त करतं. जे कुणी वाचत नाही ते तर अधिक तपासून लिहावं लागतं, कारण तिथं चूक सांगायला कुणी फिरकत नाही. तुम्ही सहीचा नियम त्यासाठीच केला होता. आणि तो मीच मोडला होता.

पुढचे तीन दिवस मी ते अर्धं पान लिहायला बसत होते. 'तपासले आहे' एवढंच लिहायचं होतं. कुणाला कळलंही नसतं. तुम्ही नव्हता, विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तेच मला सहन होईना. माणूस गेला की त्याच्याशी बोललेलं खोटं कायमचं पक्कं होऊन बसतं, आणि त्यावर मला पुस्तक उभं करायचं नव्हतं.

म्हणून काल. चार भाषणं झाली, सगळी देवमाणसाची. माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले आणि पायातल्या चपला काढून टेबलावर ठेवल्या, तुमच्या फोटोसमोर. हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्ष अर्धवट उठले. मी पुढं बोलायला लागले.

"ही डावी, ही उजवी," मी म्हटलं. "टेबलावरून सरकवा, गोल फिरवा, काय वाटेल ते करा. उचलून उलटी करायची नाही, एवढंच. डावी चप्पल कधीच उजवी होत नाही. सरांच्या वहीत एका पानावर असं धरलं आहे की डावी फिरवून फिरवून सगळ्याच चपला मिळतात. उजव्या सगळ्या राहून गेल्या. त्यामुळं पुढं गटाच्या सोंगांची यादी चुकली. काही ठिकाणी एकाची दोन व्हायला हवीत, आणि काही ठिकाणी जी दोन वेगळी धरली ती मिळून एकच आहेत."

हो, सोंग म्हणाले. लोकांना समजावं म्हणून. पुस्तकात नाही म्हणणार.

मग मी श्वास घेतला. "ते पान मी तपासलेलं नाही. माझी सही खोटी आहे. बसमध्ये, न वाचता केली. सरांनी विचारलं तेव्हा वाचलं होतं म्हणून सांगितलं. हे पुस्तक आहे तसं छापायला माझी संमती नाही."

तुमच्या शाळेतले एक निवृत्त सहकारी पहिल्या रांगेतून म्हणाले, "मॅडम, हा प्रसंग नव्हता." मी विचारलं, "मग कोणता?" मी चपला घालून खाली उतरले.

सभा संपल्यावर काकू आल्या. मला वाटलं, आता बोलतील. आणि बोलल्याच.

"मंग पुरंच चुकलं का त्याईचं?"

"नाई काकू. एक पान. त्याच्यानं पुढचे दोन प्रकरन परत लिहा लागते."

त्यांनी पदरानं चेहरा पुसला. "तू वाचलं नोतं हे त्याईले मालूम होतं."

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली.

"त्याच दिवशी घरी येऊन म्हने, पोरीनं पान उघडलंच नाई. मी लावली थे टाचनी जशीच्या तशी होती, माह्यासमोर काढली तिनं. मी म्हनलं, मंग परत काऊन नाई देल्लं? तं म्हने, प्रकरन संपवाचं होतं मले." काकूंनी माझा हात धरला. "दिवाळीच्या मांगून तं दर रविवारी दाराकडं पाहून राह्यत. म्हनत, आज येईन अन् सांगीन."

मी तिथंच स्टेजच्या पायरीवर बसले आणि रडले, सर. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. काकू माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या, आणि मी त्यांच्यासमोर लहान मुलीसारखी हुंदके देत होते. तुम्ही दाराकडं बघत बसला होतात आणि मी साठ किलोमीटरवर बसून पेपर तपासत असल्याचं सोंग करत होते. हे मी विसरणार नाही, आणि मला विसरायचंही नाही.

पण रडून झाल्यावर मला राग आला. आणि तो अजून उतरलेला नाही.

तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं! टाचणी तुम्ही पाहिलीत आणि तरी पान घेतलंत. नियम मी एकटीनं मोडला नाही. 'उतर खाली, पान परत ने, पुढच्या रविवारी आन' असं म्हणायला तुम्हाला काय झालं होतं? वर्गाबाहेर काढायला तर कधी मागंपुढं पाहिलं नाहीत. घाई तुम्हालाही होती. दिवाळीत 'वाचलंतं ना?' असं विचारलंत, तेव्हा उत्तर तुमच्या खिशात होतं. ती परीक्षा होती माझी. शेवटपर्यंत मास्तर राहिलात. मी नापास झाले, कबूल आहे. पण पेपर काढणाराही स्वच्छ नव्हता, सर. मी खरं सांगायची वाट पाहत तुम्ही बसलात, पण आपण स्वतः काय केलं ते तुम्हीही मला सांगितलं नाहीत. एक फोन करता आला असता. आर्वी काही परदेशात नाही.

हे सगळं मी तुमच्या तोंडावर बोलले असते तर तुम्ही चष्मा पुसला असता. आणि मग म्हणाला असता, "चुकलं माह्यं." अकरावीत म्हणाला होतात तसंच. तुमच्याकडून मी गणित शिकले त्याहून मोठी गोष्ट ही शिकले, की चूक कबूल केल्यानं माणूस लहान होत नाही. ती शिकवण तुम्ही स्वतः एकदा विसरलात आणि मी एकदा विसरले. त्याबद्दल तुमचे उपकार मानू की तुमच्याशी भांडू, हे मला कळत नाही. दोन्ही करते आहे.

आज सकाळी प्रशांत वही घेऊन आर्वीला आला. काल माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आज चहा घेतला, वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "आई म्हणाली, वही तुम्हालाच द्यायची. छपाई थांबवलीय. लागेल तेवढा वेळ घ्या. फक्त ते पान काढून टाका. बाबांच्या हस्ताक्षरातली चूक लोकांना दिसायला नको."

"पान राहील," मी म्हटलं. "समोर दुरुस्ती येईल, आणि खाली टीप."

"कसली टीप?"

मी त्याच्यादेखत समासातली माझी सही खोडली आणि खाली लिहून त्याला वाचायला दिलं: 'हे पान चुकीचे आहे. लिहिणाऱ्याने घाई केली, तपासणारीने वाचले नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक होते.'

त्यानं ते दोनदा वाचलं. डोळे भरले होते त्याचे, तरी हसला.

"मॅडम, असं कुठं पुस्तकात छापतात का?"

"नसतील छापत," मी म्हटलं. "आपण छापायचं."